तांबडीचे डोळे

तांबडी चोच मारत होती आणि चोच दाण्याच्या शेजारी, मातीत पडत होती. भाद्रपदातली सकाळ. परड्यात पाणी साचलेलं. बाकीच्या कोंबड्या कणी वेचून माडाच्या बुडाशी पांगल्यासुद्धा होत्या. तिला उचललं, तर तुऱ्यावर चामखिळीसारखे काळपट फोड. उजवा डोळा फोडांनी मिटलेला, डावा मिटायला लागलेला. कोंबडी डोळ्यांनी जेवते. दिसेनासं झालं की पायाशी दाण्याची रास असली तरी ती उपाशी राहते.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी चोच उघडून तिचा घसा पाहिला. “देवी आहेत. घशात पिवळा थर धरलेला नाही, हे चांगलं. आत धरला की श्वास कोंडतो.” या रोगावर औषध नाही. विषाणू डासाच्या सोंडेवरून एकीचा दुसरीला जातो. खपल्या धरून गळायला तीन-चार आठवडे लागतात. डोळ्यांत घालायला मलम मिळालं, तेही फोड चिघळू नयेत म्हणून. “तोवर हिला जेवू घाला,” त्या म्हणाल्या. “दिसत नाही म्हणून भुकेनंच जातात पुष्कळ.”

देवी हा शब्द मला आजीकडून मिळालेला. तिच्या गालांवर खोलगट वण होते. तिच्या मांडीवर पडून मी त्यांवरून बोट फिरवायचे. सात वर्षांची असताना तिला देवी आल्या. घरात फोडणी बंद, अंथरुणाशी कडुनिंबाचा पाला, आणि कितीतरी दिवस डोळे मिटलेले. तापाचं, आगीचं ती कधी बोलली नाही. सांगायची ते एवढंच, की त्या अंधारात आईचा हात यायचा. आधी हनुवटीला लागायचा, मग ओठांशी पेजेचा चमचा. हनुवटीला हात लागला की तोंड उघडायचं, हे तिला न सांगता कळलं होतं.

आजीचा तो रोग जगातून गेला. भारतातला शेवटचा रोगी 1975 साली सापडला आणि 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देवी संपल्याचं जाहीर केलं. कोंबड्यांच्या देवींचा विषाणू वेगळा, त्याच घराण्यातला पण दूरचा. तो माणसाला लागत नाही आणि परड्यांतून तो अजून आहे. त्याची लस मिळते. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झालं की पंखाच्या पातळ पडद्यात दोन टोकांच्या सुईनं टोचतात. आठवड्याभरानं तिथं बारीक खपली धरली म्हणजे लस लागली. माझ्या आईच्या दंडावर देवी टोचल्याचा गोल वण आहे. माणसांच्या देवी घालवणाऱ्या मोहिमेतली सुईही अशीच दोन टोकांची होती. हे सगळं मला माहीत होतं, तरी तांबडीला लस टोचायची राहिली. ती चूक माझी. उरलेल्या सात जणींना दुसऱ्याच दिवशी टोचून आणलं.

तांबडीला पडवीत डालग्याखाली ठेवलं आणि वरून नातवाची छोटी मच्छरदाणी टाकली. परड्यातल्या करवंट्या पालथ्या केल्या, फुटक्या कुंडीतलं पाणी ओतून टाकलं. सकाळ-संध्याकाळ कोमट मिठाच्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून पापण्यांवर धरायचे. खपली सुटेल तेवढीच सुटू द्यायची. ओढली तर रक्त येतं, आणि रोग त्या खपलीतच असतो. गळलेल्या खपल्या मी कागदात गोळा करून चुलीत टाकत असे.

खाऊ घालणं अवघड होतं. मऊ भात, उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक आणि थोडं ताक कालवून वाटाण्याएवढ्या गोळ्या करायच्या. पहिले दोन दिवस चोच उघडायला गेलं की ती मान मागे टाकून धडपडायची. मी घाबरायचे, तीही. पाणी घशात ओतायचं नाही, कारण श्वासाची वाट जिभेच्या मुळाशीच उघडते; थेंब चोचीच्या कडेला लावायचा, तो ती आपण ओढून घेते. तिसऱ्या दिवशी मला आजीचा चमचा आठवला. मी आधी चोचीखाली बोट टेकवलं, तसंच ठेवलं, आणि मग गोळी लावली. पाचव्या दिवशी बोट लागताच चोच उघडली. मी पडवीत बसून रडले.

रात्री निजण्याआधी तिच्या छातीवरची अन्नाची पिशवी चाचपायची. ती भरलेली, लिंबाएवढी लागली की मला झोप यायची.

शेजारचे भाऊ रोज गडग्यावरून विचारायचे. “वहिनी, कशाला जीव काढताय? चारशे रुपयांची कोंबडी. रविवारी वडे-सागोती झाली असती.” भाऊ मनानं वाईट नाहीत. आमच्या गावात कोंबडी कापण्यासाठीच पाळतात, मीही पाळलेली आहे. पण पानात वाढणं वेगळं आणि डालग्याखाली ती भुकेनं बसलेली असताना आपण घरात जेवायला बसणं वेगळं. ते मला जमलं नसतं. भाऊंना मी एवढंच म्हटलं, की हिला दिसत नाहीये. त्यावर ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांच्या नातीच्या हाती कण्यांची पुडी आली.

सोळाव्या दिवशी डाव्या डोळ्यावरची खपली कापसाबरोबर आपसूक निघाली. खाली पापणी गुलाबी, ओलसर, आणि तिच्या आत तो नारिंगी डोळा. उजवा अजून मिटलेलाच होता. मी तिला पडवीच्या पायरीवर उन्हात ठेवलं, चोचीखाली बोट टेकवलं आणि गोळी पुढे केली. चोच उघडली नाही. तिनं मान तिरकी केली, डावा डोळा जमिनीकडे लावला आणि पायरीच्या फटीतून चाललेली मुंगी टिपली. मग दुसरी. मी गोळी पुन्हा वाटीत ठेवली.