आजीच्या हाती दहा मुले

केनियाची राजधानी नैरोबी सोडून पूर्वेकडे निघाले की सुमारे तीन तासांत कितुईचा प्रदेश लागतो. तांबडी माती, काटेरी बाभळी आणि वर्षातून दोनदा येणारा, परंतु भरवशाचा नसलेला पाऊस. या माळरानावर सुमारे 1,000 एकर जमिनीत ‘न्युम्बानी व्हिलेज’ हे गाव वसले आहे. स्वाहिली भाषेत ‘न्युम्बानी’ म्हणजे ‘घरी’.

या नावामागे मोठा इतिहास आहे. अँजेलो द’अ‍ॅगोस्टिनो हे अमेरिकेत जन्मलेले जेझुइट धर्मगुरू व्यवसायाने डॉक्टरही होते. एच.आय.व्ही.ची बाधा झालेल्या आणि टाकून दिलेल्या बालकांसाठी त्यांनी 1992 मध्ये नैरोबीत ‘न्युम्बानी’ हे बालगृह सुरू केले. तेव्हा परिणामकारक औषधे हाती नव्हती. मुलांना अखेरपर्यंत मायेने सांभाळणे एवढेच शक्य होते. पुढे औषधे आली आणि मुले वाढू लागली. मात्र खेड्यापाड्यांतील मधली पिढी एड्सने हिरावून नेली होती. मागे उरले होते वृद्ध आणि त्यांची नातवंडे. त्या दोघांना एका छपराखाली आणण्यासाठी कितुईचे हे गाव उभे राहिले. एका घरात एक आजी किंवा आजोबा आणि सुमारे दहा मुले. त्यांतली काही सख्खी नातवंडे, काही दुसऱ्या घरांतून आलेली. सर्वच मुले बाधित नाहीत. आईबापांचे छत्र मात्र कोणालाच उरलेले नाही.

या गावी मी काही आठवडे स्वयंसेवक म्हणून राहिले. मिशनच्या कामासाठी परदेशी जाणाऱ्या माणसाच्या मनात एक चित्र असते: आपण गेलो की अनाथ मुले धावत येतील, आपण त्यांना पोटाशी धरू. चित्र गोड आहे, पण बालकाच्या मनाच्या दृष्टीने धोक्याचे आहे. एकदा आई गमावलेल्या मुलाला दर महिन्याला नवा माणूस जीव लावतो आणि निघून जातो, तेव्हा ते मूल वियोगच पुन्हा पुन्हा शिकत असते. त्याला हवा असतो रोज तोच चेहरा, तोच आवाज, तेच रागावणे. तो चेहरा आजीचा. म्हणून पाहुण्या डॉक्टरचे खरे काम मुलांना सांभाळणे नव्हे, तर मुलांना सांभाळणाऱ्या आजीला सांभाळणे, हे लवकरच ध्यानात आले.

दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होई. पाणी भरणे, चूल पेटवणे, दहा जणांसाठी पातळ पेज करणे. सात वाजले की औषधाची वेळ. स्वाहिली घड्याळ पहाटेपासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा ‘सा मोजा’, पहिला तास. सायंकाळचे सातही ‘सा मोजा’च. त्यामुळे औषधाची वेळ सांगताना कोणत्या घड्याळाने, हे विचारून घ्यावेच लागे. औषधाला तेथे ‘दावा’ म्हणतात. आपल्या दवाखान्यातला ‘दवा’ आणि हा ‘दावा’ एकाच अरबी शब्दाची लेकरे. एच.आय.व्ही.ची औषधे रोज ठरल्या वेळी घ्यावी लागतात. वारंवार चुकली तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. अक्षरओळख नसलेल्या एक आजी हे काम घड्याळाच्या काट्यासारखे करीत. कोणत्या बाटलीवर कोणत्या रंगाचा दोरा, हे त्यांना तोंडपाठ होते.

मुले शाळेला गेली की मी परिचारिकेबरोबर घरोघरी जाई. रक्तदाब मोजणे, गुडघे तपासणे, मोतीबिंदू आहे का पाहणे. वीस लिटरचे पिवळे डबे वर्षानुवर्षे वाहून कंबरा वाकलेल्या. चुलीच्या धुराने खोकला. एका आजींचा रक्तदाब बराच वाढलेला होता. गोळ्या घरात होत्या, पण पाकीट जवळजवळ भरलेलेच. विचारले तर म्हणाल्या, “मुलांचे आटोपले की घेते.” आणि मुलांचे कधीच आटोपत नव्हते. उपाय साधा निघाला. मुलाचा ‘दावा’ आणि आजीची गोळी एकाच वेळी, एकाच ताटलीत. मूल आजीला विचारणार, आजी मुलाला. दोन आठवड्यांनी दाब पुष्कळ उतरला.

दुपारी उन्हात आजी घायपाताच्या दोरांच्या टोपल्या विणत बसत. जेवणात हिरव्या मुगाची उसळ वारंवार असे. मूग हे कितुईचे महत्त्वाचे पीक. चपातीला तेथेही ‘चपाती’च म्हणतात, आणि ती झाली की मुलांना सण. सायंकाळी अभ्यास, प्रार्थना, पुन्हा औषध, मग झोप. स्वतःची मुले पुरलेल्या त्या बायका काळोखात त्यांची नावे घेत.

या जीवनाला गोंडस रूप देणे योग्य ठरणार नाही. सत्तरीत दहा मुलांचा संसार हे कष्ट आहेत, आणि आजी आजारी पडली तर पुढे काय, हा प्रश्न प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर उभा असतो. त्याचा भार बहुधा थोरल्या मुलीवर येतो आणि तिची शाळा बुडते. म्हणूनच आजीचा रक्तदाब हा त्या घरातील दहा मुलांच्या भवितव्याचा प्रश्न होता. शेजारचे घर हाकेच्या अंतरावर असणे, दवाखाना गावातच असणे, भार वाटून घेणारी दुसरी आजी असणे, यांवरच ते घर टिकून होते.

आपल्याकडेही आई-वडील नोकरीला गेल्यावर नातवंडे सांभाळणाऱ्या आजी आहेत, अंथरुणावरील जोडीदाराची सेवा करणारे आजोबा आहेत. त्यांना मी कितुईचा धडा सांगते. सेवा करणाऱ्याची गोळी सेवा घेणाऱ्याच्या गोळीबरोबरच ठेवावी. त्याच्या रक्तदाबाची आणि डोळ्यांची तपासणी तारीख ठरवून करावी. ‘मी नसेन त्या दिवशी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर आजारपण येण्याआधीच एखाद्या शेजाऱ्याशी वा नातलगाशी बोलून ठेवावे. आणि लांबून चार दिवसांसाठी येणाऱ्या मुला-सुनांनी रुग्णाभोवती गर्दी करण्याऐवजी रोज राबणाऱ्या माणसाला एक दुपार निवांत झोपू द्यावे. पाहुण्याने करण्याजोगी याहून मोठी सेवा मला त्या गावातही सापडली नाही.