मधली आडवी रेघ

हिवरे बाजारहून मामांचा फोन आला. "नावात मधी आडवी रेघ घातली की गूगलवर वर दिसतं म्हणे. खरं का रे?"

मामांना बाजरी आणि मूग थेट शहरातल्या गिऱ्हाइकांना विकायचे होते. वेबसाइट मी बनवणार होतो.

डोमेनच्या नावात रिकामी जागा चालत नाही. 'हिवरे' आणि 'बाजार' सुटे दाखवायचे, तर मध्ये हायफनच हवा. एकेकाळी लोक शोधतात तेच शब्द हायफनने जोडून नाव घेतलं की साइट वर यायची. सप्टेंबर २०१२मध्ये गूगलने नुसत्या नावावर तरणाऱ्या सुमार साइट खाली ढकलल्या. आज रेघ असली-नसली तरी क्रमांकात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो सांगताना.

"मामा, गिऱ्हाइकाला फोनवर पत्ता सांगून बघा."

"हिवरे... मग डॅश म्हणू का मायनस?"

शिवाय इंग्रजीत कुणी व्ही लिहितं, कुणी डब्ल्यू. म्हटलं, देवनागरीतच घेऊ. 'डॉट भारत' २०१४पासून मिळतं. पण अशा नावाचं यंत्रासाठीचं रूप 'एक्स एन' आणि पाठोपाठ दोन हायफन असंच सुरू होतं. रेघ काही सुटेना. शेवटी बिनरेघेचं इंग्रजी नाव ठरवलं आणि पैसे भरायच्या आधी मामांना वाचून दाखवलं.

मामा थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "नाव तर गावाचंय."

१९९०च्या आसपास पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर दुष्काळी गावाने श्रमदान केलं, बांध घातले, झाडं लावली. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावर पिकं ठरवायची, अशी रीत पडली. लोक गूगलवर हिवरे बाजार शोधतात ते यामुळे. आमच्या बाजरीमुळे नव्हे.

"त्या नावावर मी एकट्यानं धंदा करायचा म्हणजे बोअर मारल्यासारखंच झालं," मामा म्हणाले.

मी वाद घातला. आपण नाही घेतलं तर बाहेरचा कुणीतरी घेईल, म्हणालो. ते म्हणाले, "बाहेरच्याला गावात तोंड दाखवायचं नसतं."

मग मळ्याचं नाव घेतलं. एकच शब्द, रेघ नाही. गाव खाली पत्त्यात लिहिलं.

आता गावाचं नाव शोधलं तर आमची साइट पहिल्या पानावर नसते. जुनी गिऱ्हाइकं नव्यांना मळ्याचं नाव सांगतात, त्यांना सापडते.