पश्चिमेची भिंत

गेल्या वर्षी गणपतीला आम्ही तिघे भाऊ गावी पोचलो, तेव्हा घराच्या पश्चिमेच्या भिंतीवरून गिलाव्याची दाराएवढी खपली सुटून खाली पडली होती. काकूने ती उचललेली नव्हती. चोरी झालेल्या घरात पोलीस येईपर्यंत कोणी कशाला हात लावीत नाही, तशी तिने ती पागोळ्यांखाली जागच्या जागी ठेवली होती. आणि आमचे पाय धुऊन होतात न होतात तोच आम्हांला घराला वळसा घालायला लावून ती दाखवली.

ती खपली माझी होती. म्हणजे १९९४ साली मीच ती लावली होती.

घर आजोबांनी १९३१ साली बांधले. राजापूर तालुक्यातली जुनी घरे असतात तसेच ते आहे. दीड फूट जाडीच्या जांभ्याच्या भिंती, चिऱ्यांच्या सांध्यांत माती, अंगावर चुन्याचा गिलावा आणि वर मंगलोरी कौले. जांभा हा मोठा मजेदार दगड आहे. खाणीतून निघताना तो मऊ असतो, हवा लागली की कठीण होत जातो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या डॉक्टराने मलबारात हा प्रकार पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याचे ‘लॅटेराइट’ असे बारसे केले. आमचा विजयदुर्गाचा तट त्याच्या कितीतरी आधीपासून याच दगडात उभा होता. पण त्याला नाव विचारायला कोणी आले नव्हते.

तर १९९४ साली मला नोकरीत पहिली बढती मिळाली, आणि घरासाठी काहीतरी ‘कायमचे’ करावे असे माझ्या मनाने घेतले. पावसाचा सगळा मारा पश्चिमेकडून. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला निम्मा त्या एका भिंतीवर पडतो असा काकूचा हिशेब आहे. मी त्या भिंतीचा जुना गिलावा खरवडून जोत्यापासून छातीइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गुळगुळीत गिलावा करून घेतला. वडील काही बोलले नाहीत. काकांनी मात्र त्यावरून हात फिरवून, “गार लागतो रे,” एवढेच म्हटले. मी ती स्तुती समजलो होतो.

रात्री आरत्या झाल्यावर ओटीवर सभा भरली. अण्णा मुंबईहून रंगांच्या नमुन्यांचे पुस्तक घेऊनच आला होता. सगळीकडून सिमेंट करून घ्यावे, वर पाणी न शिरणारा रंग द्यावा. कंपनी दहा वर्षांची हमी देते. पुस्तकातल्या रंगांची नावे नाटकांच्या नावांसारखी होती. वाळवंटातल्या कसल्याशा पहाटेचा रंग मला तरी उकडलेल्या बटाट्यासारखा दिसला. धाकट्याचे म्हणणे निराळे. गिलावाच नको, दगड उघडा करून टाकू. हल्ली पर्यटकांसाठी बांधलेल्या घरांचे तेच तर सौंदर्य असते. मी गप्प होतो. आरोपीने पंचांत बसू नये.

दुसऱ्या दिवशी आमचे जुने गवंडी आले. त्यांनी थापीच्या मुठीने भिंत ठोकून पाहिली. चुन्याचा भाग ठक्क वाजे, सिमेंटचा रिकाम्या डब्यासारखा. एका ठिकाणी त्यांनी थापीचे टोक घातले, तर सिमेंटचा तुकडा सुटला आणि त्याच्या पाठीला चिकटून जांभ्याचा पापुद्राही आला. आत ओली, तांबडी भुकटी.

“भिंत पाणी पिणारच,” ते म्हणाले. “पिऊ दे. नंतर तिला घाम येऊ दे, म्हणजे सुकते. तुम्ही तिला रबरी कोट घातलात. बारीक तड्यांतून पाणी आत जातं, जमिनीतलं वर चढतं, आणि बाहेर पडायला वाट नाही. मग ते घरात निघतं.”

घरात म्हणजे नेमके कुठे, ते मग आम्ही पाहिले. पश्चिमेच्या खोलीत काकू निजते. तिने खाट भिंतीपासून दोन हात अलीकडे ओढली होती. उशाशी भिंतीवर मिठासारखी पांढरी पूड फुटलेली होती. तिला दोन पावसाळे खोकला आहे हे आम्हांला ठाऊक होते, पण तो फोनवरून ठाऊक होता. फोनवर खाट कुठे आहे ते दिसत नाही.

उघड्या दगडाचा विचारही गवंड्यांनी एका वाक्यात निकालात काढला. नव्या घरांत चिऱ्यांचे सांधे सिमेंटचे असतात. इथे मातीचे आहेत, दोन पावसांत माती वाहून जाईल. राहिला चुना.

अण्णा चिडला, आणि त्याची बाजू अगदीच लंगडी नव्हती. चुन्याला पाठ टेकली की सदरा पांढरा होतो. आषाढ सरत नाही तो भिंतीवर शेवाळ चढते. आणि दर वर्षी पुन्हा हात द्यावा लागतो. “दर वर्षी कोण करणार हे?” त्याने विचारले. “रंग दिला की दहा वर्षं बघायला नको.”

काकू वाती वळीत बसली होती. “हो ना,” ती म्हणाली, “दहा वर्षं कोणी बघायला नको.”

तिने तो टोमणा म्हणून मारला की नाही, हे मला अजून सांगता येणार नाही. पण ओटीवर कोणी बोलेना. पूर्वी परतीचा पाऊस ओसरला की सगळी बिऱ्हाडे घरी येत, आणि वसुबारसेच्या आत घर पांढरे होई. काका शिडीवर, वडील खाली, आम्ही पोरे जोत्याला काव फाशीत असू. २००९ साली काका गेले. त्यानंतर आम्ही मजुरीचे पैसे पाठवू लागलो, आणि पुढे पुढे मजूर मिळेनात म्हणून तेही राहिले.

“काकू, हे भावनेचं झालं,” अण्णा शेवटी म्हणाला.

“भावनेचं कसलं? ओलीचं आहे,” काकू म्हणाली. “तिथं निजून बघ एक रात्र.”

अण्णा खरोखरच निजला. सकाळी त्याने नमुन्यांचे पुस्तक पिशवीत घातले.

पश्चिमेची भिंत त्या दिवाळीत रंगवायची नाही असे ठरले. सिमेंट काढून ती उघडीच ठेवायची, थंडीवाऱ्यात खडखडीत सुकू द्यायची आणि फाल्गुनात चुना-वाळूचा गिलावा करायचा. बाकीच्या तीन भिंती आम्हीच करू, असे कोण बोलून गेले ते आठवत नाही. बहुधा मीच.

वसुबारसेच्या तीन दिवस आधी आम्ही आलो. कळीचा चुना पाण्यात घातला, तसा तो फसफसून उकळू लागला. धाकट्याची मुले पिंपाभोवती वाकली, त्यांना काकूने दम देऊन मागे काढले. डोळ्यांत उडाला तर डोळा जाईल. विरलेला चुना फडक्यातून गाळला, मीठ घातले, चिमूटभर नीळ घातली. अण्णा शिडीवर चढला. साठी उलटलेला माणूस शिडीवर चढतो तेव्हा खाली तिघांनी शिडी धरावी लागते, त्यामुळे पहिल्या दिवशी काम थोडे झाले आणि आरडाओरडा फार झाला.

चुना ओला असताना काहीच दिसत नाही. पाणी मारल्यासारखी भिंत करडी पडते. संध्याकाळी खळ्यात उभा राहून अण्णा म्हणाला, “छे! फुकट गेला सगळा दिवस.”

“सुकू दे,” काकू म्हणाली. तिने पिंपात उरलेल्या चुन्यावर चार बोटे पाणी ओतले, फळी ठेवली आणि फळीवर चिरा.

“तो कशाला ठेवतेस?” अण्णाने विचारले.

“पाण्याखाली चुना मुरतो. पुढच्या वर्षीला चांगला होईल.”