गुलबर्गा, बीदर, विजापूर : दोघांचा प्रवास

गेल्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आमच्या एक सहकारी मॅडम नवऱ्याबरोबर इटली फिरून आल्या होत्या. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस. मधल्या सुट्टीत डबे उघडे टाकून आम्ही सगळ्या त्यांच्या मोबाइलवर फोटो पाहत होतो. कोणत्या गावात काय पाहिले आणि तिथे काय खाल्ले, अशी त्यांची हकिगत चालली होती. रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या घुमटाखाली दोघांचा फोटो आला, तेव्हा मी म्हटले, "असा घुमट आपल्याकडे शंभर किलोमीटरवर आहे की!" त्या म्हणाल्या, "हो ना. तुम्ही कधी गेला होता?"

मी गप्प बसले. गोलघुमट मी पाहिला होता तो सातवीत, शाळेच्या सहलीत. लग्नाला तेवीस वर्षे झाली, पण आम्ही दोघे मिळून कुठे गेलो असू तर कुणाच्या निकाहला, मय्यतीला, नाहीतर दवाखान्यात.

त्या दिवशी भिशीत माझे नाव आठव्या महिन्याला होते, ते मी एका बाईंशी बदलून आधी घेतले आणि दिवाळीच्या सुट्टीत निघायचे ठरवले. अवघड होते ते यांना तयार करणे. आमचे हे यंत्रमागावर जॉबर. पंचवीस वर्षे मागांच्या खडखडाटात उभे राहून त्यांचे कान गेले आहेत. आधी धोट्याचा आवाज बदलला की कोणत्या मागात बिघाड आहे ते लांबून सांगायचे, आता दाराची कडी वाजली तरी कळत नाही. कानाचे मशीन घेऊन दोन वर्षे झाली, ते कपाटात. "मेरेकू बराबर सुनाई देता, तुम्हीच हळू बोलता," हे ठरलेले उत्तर. लग्नकार्यात जाणेही हळूहळू बंद केले होते. चारचौघांत कुणी काही विचारले आणि भलतेच उत्तर गेले की लोक हसतात. ते काही बोलत नाहीत, पण मला कळते. मशीन मी गुपचूप पर्समध्ये टाकले.

सकाळच्या गाडीने सोलापूरहून दोन तासांत गुलबर्गा. उतरल्यावर आधी तहारी. गुलबर्ग्यात लोक सकाळी सकाळी तहारी खातात, हे ऐकून होते. गोश्त आणि तांदूळ एकत्र शिजवलेला, तिखट, बिर्याणीसारखे थर नाहीत, नखरा नाही. आमच्याकडे एवढ्या सकाळी गोश्त खाल्ला तर सासूबाई लाहौल वाचतील. हे मात्र दोन प्लेट खाऊन उठले. हॉटेलात इतका गलका होता की सगळेच ओरडून बोलत होते. अशा जागी हे खुशीत असतात.

किल्ल्यातली जामा मशीद पाहायलाच हवी. इ.स. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले, गुलबर्गा त्याची राजधानी झाली आणि वीस वर्षांनी, १३६७ मध्ये, ही मशीद बांधली गेली. बांधणारा रफी हा कझवीनचा, म्हणजे इराणकडचा. मशिदीला अंगणच नाही, सगळी छताखाली. बाजूच्या कमानी इतक्या ठेंगण्या आणि रुंद की आपोआप मान झुकते. स्पेनमधल्या कुर्तुबाच्या मशिदीशी तिची तुलना करतात. कुर्तुबाचे वर्णन मी मुलांना उर्दूच्या तासाला अनेकदा केले आहे. दोन तासांवरची ही मशीद मात्र मी स्वतः पहिल्यांदा पाहत होते. याची शरम वाटली, ती लपवण्यात अर्थ नाही.

ख्वाजा बंदा नवाज यांच्या दर्ग्यात दुपार गेली. तैमूरच्या स्वारीत दिल्ली उजाड झाली तेव्हा ते निघाले आणि ऐंशीच्या घरात वय असताना दख्खनमध्ये येऊन स्थिरावले. १४२२ मध्ये इथेच त्यांचा इंतकाल झाला. 'मेराजुल आशिकीन' हे दखनीतले जुने गद्य पुस्तक बी.एड.च्या आधी आम्ही त्यांचे म्हणून शिकलो. पुढच्या संशोधकांनी त्याबद्दल शंका घेतली आहे. पण दर्ग्याच्या आवारात बसलेल्या बाया ज्या दखनीत भांडत होत्या, ती आमच्या विजापूर वेशीतलीच होती. "नक्को", "हौ", "कायकू" ऐकून परगावी आल्यासारखे वाटेना.

गुलबर्ग्याहून बीदरला आता थेट रेल्वे आहे. २०१७ पासून सुरू झालेली. राजधानीही गुलबर्ग्याहून बीदरलाच हलली होती, पंधराव्या शतकात, अहमदशाह वली बहमनीच्या काळात. बीदरची माती लाल, दगड लाल, किल्लाही लाल. तिहेरी खंदक आहे. रंगीन महालात काळ्या दगडात शिंपले बसवून केलेली नक्षी आहे, ती पाहताना मला शब्द सुचेनात आणि यांना हात आवरेना. बोटाने चाचपून पाहत होते. पहारेकऱ्याने हटकले. ते ऐकू न आल्यामुळे हे चाचपतच राहिले, आणि माफी मी मागितली.

माझ्यासाठी बीदर म्हणजे ख्वाजा महमूद गवान. गीलानहून व्यापारी म्हणून आलेला हा माणूस बहमनी सुलतानांचा वजीर झाला आणि १४७२ मध्ये त्याने इथे मदरसा उभा केला. तीन मजली इमारत, वर्ग, ग्रंथालय, शिकवणाऱ्यांना राहायच्या खोल्या. दर्शनी भिंतीवर निळ्या-हिरव्या फरशांवर अक्षरे होती, त्यांतली काही अजून शाबूत आहेत. अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी या मदरशाच्या सुमारासच बीदरला येऊन गेला. पुढे १४८१ मध्ये दरबारातल्या लोकांनी खोटे पत्र तयार करून गवानवर फितुरीचा आळ आणला आणि सुलतानाने त्याला मारले. मदरसा चालू राहिला. औरंगजेबाच्या काळात, १६९६ मध्ये, आत साठवलेल्या दारूचा स्फोट झाला आणि अर्धी इमारत कोसळली. शाळेत दारूगोळा ठेवायची बुद्धी कुणाला झाली असेल! एक मिनार उभा आहे. मी त्याच्या सावलीत बराच वेळ बसले.

तेवढ्या वेळात हे गायब. मोबाइल लावून उपयोग नाही, घंटी ऐकू येत नाही. शेवटी गल्लीतल्या एका बिदरी कारखान्यात सापडले. बिदरीची वस्तू जस्तात थोडे तांबे मिसळून ओततात, छिन्नीने नक्षी कोरून तीत चांदीची तार ठोकतात आणि शेवटी किल्ल्यातल्या जुन्या मातीत नवसागर घालून त्या पाण्यात उकळतात. धातू काळाकुट्ट होतो, चांदी तशीच लखलखते. माती योग्य आहे की नाही ते कारागीर जिभेला लावून पाहतात. हे आणि तिथले उस्ताद समोरासमोर बसले होते. हातोडीचा आवाज चाललेला, दोघेही बोलत कमी आणि हातवारे जास्त करत होते. उस्तादांचेही कान तसेच आहेत, हे मला दहा मिनिटांनी उमगले. यांनी एक छोटी सुरमादाणी घेतली. भाव केला नाही.

रात्री खट्टी दाल, भात, कबाब आणि डबल का मीठा. बीदर-गुलबर्गा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते, ते जेवणात अजून दिसते. विजापूर मुंबई इलाख्यात होते, सोलापूरसारखेच, म्हणून तिथे भाकरीचे राज्य. नकाशे बदलले, पण चिंच अजून जुन्याच हद्दीपर्यंत येऊन थांबते.

विजापूरला जायला परत गुलबर्गा आणि तिथून जेवरगी-सिंदगीमार्गे एस.टी. प्रवास लांबला, कंबर गेली. आता त्या गावाचे नाव विजयपुरा आहे, पण आमच्या सोलापुरात विजापूर वेस आहे तोवर आम्ही विजापूरच म्हणणार. या दोन गावांचे नाते लग्नाचेही आहे. चाँदबीबीचे लग्न पहिल्या अली आदिलशाहाशी झाले तेव्हा तिच्या बापाने, अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाने, सोलापूर आंदणात दिले. यांना हे मोठ्याने सांगितले तेव्हा म्हणाले, "और तेरे बापने मेरेकू सायकल दी थी."

विजापुरात दोन विहिरी दोन राण्यांच्या नावाच्या आहेत : चाँदबावडी आणि ताजबावडी. ताज सुलताना ही दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाची राणी. इब्राहिम रोजा तिच्यासाठी बांधायला घेतला होता, पण त्यात आधी राजाच दफन झाला, १६२७ मध्ये. खिडक्यांच्या जाळ्या पाहा : दगड कोरून अरबी अक्षरे काढली आहेत आणि अक्षरांचीच जाळी झाली आहे, त्यातून उजेड आत येतो. खुशखत शिकवणाऱ्या शिक्षकाने इथे एक दिवस काढावा. मलिक-ए-मैदान तोफ आम्ही पळतच पाहिली. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, ५५ टनांची, परांड्याहून इथे आणलेली. हे पुन्हा हात लावून पाहत होते.

गोलघुमट दुसऱ्या दिवशी सकाळी, उघडताच. १६५६ मध्ये वारलेल्या मुहम्मद आदिलशाहाची ही कबर. बाहेरून घुमटाचा व्यास ४४ मीटर, आणि खाली आधाराला एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी सगळा भार भिंतींवर नेतात. बांधणारा दाभोळचा याकूत होता असे सांगतात. कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यातून जिना चढलो. दर मजल्यावर थांबत, कारण गुडघे माझे.

वरच्या सज्जात एका टोकाला भिंतीशी कुजबुजले तर समोरच्या टोकाला ऐकू येते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सहलीची मुले अजून आली नव्हती. मी यांना खुणेने पलीकडे पाठवले, भिंतीला कान लावायला सांगितले आणि इकडून म्हणाले, "सुनाई देता क्या?" ते तसेच उभे. पुन्हा म्हणाले. काही नाही. मशीन माझ्या पर्समध्ये होते. कुठून ही खुळी हौस केली असे मला झाले.

मग भिंतीतून त्यांचा आवाज आला. अगदी जवळून, कानाशी बोलल्यासारखा. ते माझ्याशी बोलत नव्हते, स्वतःशी पुटपुटत होते. "कुछ तो बोलरी. मेरेकू कुछ बी सुनाई नै देरा. इसकू कैसा बोलू."

दोन वर्षांत हे वाक्य त्यांनी मला, मुलांना किंवा डॉक्टरला कधी सांगितले नव्हते. मी भिंतीला टेकून उभी राहिले. समोरून त्यांनी हात हलवला, ऐकू आले अशी मान डोलावली. मीही हात हलवला. तेवढ्यात जिन्यातून शाळेची मुले आली आणि किंचाळू लागली, एका आवाजाचे कितीतरी आवाज होऊ लागले. आम्ही खाली उतरलो.

दुपारी खानावळीत ज्वारीची भाकरी, भरली वांगी आणि शेंगांची चटणी खाल्ली. शेंगांची पोळीही घेतली, घरी नेण्यासाठी वेगळी बांधून. पाच दिवसांत दोघांचे मिळून अकरा हजार झाले, सुरमादाणी धरून.

सोलापूरच्या गाडीत बसल्यावर यांनी विचारले, "तू उपर क्या बोली थी?"

मी पर्समधून मशीनची डबी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. बराच वेळ ती तशीच पडून होती. होर्तीच्या पुढे कुठेतरी त्यांनी ती उघडली, मशीन कानात घातले आणि लगेच तोंड वाकडे केले. एस.टी.च्या खिडक्यांचा खडखडाट.

"इतना आवाज?" ते म्हणाले. "सब सुनते इतना?"

"हौ," मी म्हणाले, नेहमीच्या आवाजात.