पाड्यावरची जूनची फेरी

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात तेव्हा डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर दिवसा घरी माणूस भेटणं मुश्कील असतं. राब पेरून झालेला असतो, बांध नीट करायचे असतात आणि पाऊस लागला की आवणी तोंडावर येते. घोलवड-बोर्डीकडच्या चिकूच्या वाड्यांवर कामाला जाणारे उजाडताच निघतात, उंबरगावच्या कारखान्यांकडे जाणाऱ्यांच्या गाड्या त्याहून आधी भरतात. आणि पहिलीच्या बाईंना पालकांशी सगळ्यात जास्त बोलायचं असतं ते नेमकं याच दिवसांत. दाखला, आधार, बँकेचं पासबुक, गणवेश, शाळेची वेळ. हे सगळं उरकल्यावर खरं बोलणं उरतं: मूल वर्षभर शिकणार काय, आणि त्यात घरच्यांचा हात कुठे लागणार.

पालकांना माहिती देत राहणं ही बाईंची हौस नव्हे, कायद्याने नेमून दिलेलं काम आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. पालकांच्या नियमित सभा घेणं आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती त्यांच्या कानावर घालणं हे त्यातलंच एक. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या जागी स्त्रिया असाव्यात, हेही तोच कायदा सांगतो. कागदावर सगळं चोख आहे. पण सभा सकाळी अकराला ठेवली जाते आणि अकरा वाजता आई गुडघाभर चिखलात उभी असते. मग अहवालात ‘पालकांची अनास्था’ असा शेरा पडतो. हा शेरा अन्यायाचा आहे. ज्या वेळी पालकाला येताच येणार नाही त्या वेळी त्याला बोलवायचं आणि तो आला नाही म्हणून त्यालाच बोल लावायचा, हे शाळेला शोभत नाही.

व्हॉट्सअॅपच्या गटाने हे काम सोपं केलं असं तालुक्याच्या बैठकीत ऐकायला मिळतं. थोडं झालंही. पण घरातला एकुलता एक फोन बहुधा बापाच्या खिशात असतो. बाप गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून गेला की फोनही त्याच्याबरोबर महिनोन्‌महिने समुद्रावर जातो. नोटिशीचा फोटो गटावर पडतो, त्याखाली दोन निळ्या खुणा उमटतात, आणि मुलाला रोज सकाळी आवरून शाळेत पाठवणाऱ्या आईपर्यंत त्यातलं अक्षरही पोचलेलं नसतं.

या अडचणीचं उत्तर याच पट्ट्यात फार पूर्वी शोधलं गेलं होतं. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी ती हवी होती त्या वस्त्यांतली मुलं येईनात. तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडीच उचलून वस्तीत नेली आणि घरांमधल्या अंगणात भरवली. केंद्र सरकारने १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना आणली आणि अंगणवाडी देशभर गेली. तिचं मूळ हे इथलं. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं गुरांमागे जातात म्हणून तिथे कुरणशाळा निघाली. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं असतं म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, ती विकासवाडी. या कामाची बालशिक्षणाचा प्रयोग म्हणून खूप वाखाणणी झाली. पालकांशी बोलण्याची रीत म्हणून मात्र त्याकडे कमी पाहिलं गेलं. अंगणात रोज मुलांना घेऊन बसणाऱ्या बाईला वेगळी पालकसभा कशाला लागेल? भात पाखडता पाखडता आया सगळं पाहत असतात, ऐकत असतात, मध्येच विचारतही असतात.

आजच्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंना वर्ग अंगणात हलवता येत नाही. संध्याकाळी चुली पेटायच्या वेळेला पाड्यावर एक फेरी मारणं मात्र त्यांच्या हातात असतं. अनुभवी बाई एका फेरीत एकच गोष्ट सांगतात. जूनमधली पहिली गोष्ट दाखल्याची. जन्मदाखला नसेल तर शाळा नाव घालत नाही, अशी समजूत अजूनही घराघरांत आहे. वस्तुतः वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीच्या नोंदवहीतली नोंद किंवा पालकाने लिहून दिलेलं निवेदनही चालतं. एवढं एक वाक्य वेळेवर घरी पोचलं तर मूल जूनमध्ये वर्गात बसतं.

दुसरी गोष्ट सांगण्यापेक्षा दाखवण्याची. २०२२ पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ हा शाळापूर्व तयारीचा मेळावा होतो. सात टेबलं मांडलेली असतात आणि आई मुलाला घेऊन एकेका टेबलावरून पुढे सरकते. हातात विकासपत्र असतं, मुलाला काय जमलं त्याची खूण त्यावर होते. मोजणीच्या टेबलावर पोर चिंचोके मोजतं, सहानंतर अडखळतं, आईकडे बघतं. आई नकळत ओठ हलवते. विकासपत्रावरचं छापील वाक्य तिला वाचता आलं नाही तरी पोर कुठे अडलं ते तिने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. घरी चिंचोके आहेतच. भाषेच्या टेबलावर चित्र बघून बोलायचं असतं, तिथे पोर गप्प. “बाई, घरी तर तोंड मिटत नाही याचं!” आई ओशाळून म्हणते. “ताई, घरी बोलतो तसंच इथे बोलू द्या त्याला,” बाई सांगतात. पोर मग वारलीत सुरू होतं आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या आया मान डोलावतात. आपली बोली शाळेत चालते, ही त्या सकाळची सगळ्यात मोठी सूचना. ती कुठल्याच परिपत्रकातून पोचली नसती.

सांगण्यासारखं काय आहे, हे कधी कधी जमीनच ठरवते. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि ते थांबेनात. लोक रात्री घराबाहेर झोपू लागले, शाळा उघड्यावर भरल्या. त्या काळात आयांचा प्रश्न अभ्यासाचा नव्हता. माझं पोर भिंतीपासून किती लांब बसतं, धक्का बसला तर कोण बाहेर काढणार, दार कुठल्या बाजूला उघडतं, हे त्यांना हवं होतं. अशा वेळी आईला वर्गात नेऊन मुलाची बसायची जागा आणि बाहेर पडायची वाट दाखवणं, हेच पालकांना कळवणं.

फेरीत बाईंकडे एक वही असते. मुलाच्या नावापुढे प्रगतीचा शेरा नसतो. संध्याकाळी घरी कोण असतं, फोन कुणाकडे राहतो, दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जातं का, गेलं तर पोर बरोबर जातं की मागे राहतं, हे असतं. बरोबर जाणार असेल तर शिक्षण हमी कार्ड निघण्याआधी आईच्या हाती पडायला हवं, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत तिला अडवलं जाणार नाही. मागे राहणार असेल तर आजीशी आत्ताच, जूनमध्येच, बसून बोलायला हवं. कारण नोव्हेंबरपासून त्या मुलाची पालक तीच असणार आहे आणि तिला आजवर एकाही सभेला कुणी बोलावलेलं नाही.