कोपऱ्यातले ठिपके

डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी घरी आल्यावर मी आधी बायकोचा चेहरा बघायला हवा होता, असं तिचं म्हणणं आहे आणि ते बरोबर आहे. मी लॅपटॉप उघडला.

सोळा आडव्या ओळी, सोळा उभ्या. २५६ ठिपके, आणि प्रत्येक ठिपका सुईनं टोचल्यासारखा. मोतीबिंदू एकाच डोळ्याचा काढला होता, त्यामुळे खेळ आयताच मिळाला. डावा डोळा मिटला की वायरलेस लिंक स्वच्छ, उजवा मिटला की घाण. चारपाच वेळा करून पाहिलं. गेली दोन वर्षं हेच ठिपके मला ओल्या वहीवर पडलेल्या शाईसारखे दिसत होते. त्याचा दोष मी पावसाला दिला, डोक्यावरच्या रेल्वेच्या २५ केव्ही तारेला दिला, कारखान्याच्या भट्ट्यांना, शेजारच्या केबलवाल्याला दिला आणि शेवटी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरीला दिला.

कॉन्स्टेलेशन, म्हणजे ही ठिपक्यांची जाळी, बघून लिंकची तब्येत सांगणारी माणसं आमच्या धंद्यात आता थोडी उरली आहेत. नवी पोरं आकडे बघतात. मी नव्वदच्या दशकात लीज्ड लाइनच्या मॉडेमवर शिकलो. ९६०० बिट्सचं व्ही.२९ मॉडेम उघडायचं, आतल्या दोन टेस्ट पॉइंटना सीआरओच्या प्रोब लावायच्या, एक्स-वाय मोड करायचा, की हिरव्या पडद्यावर सोळा ठिपक्यांची चांदणी उगवायची. ठिपका सगळीकडून फुगला तर नॉइज. कमानीसारखा वाकला तर फेज थरथरतेय. सगळी चांदणीच गरगरायला लागली तर कॅरिअर सापडलेला नाही. मला शिकवणाऱ्यानं एवढंच सांगितलं, बाकीचं डोळ्यानं शिकवलं. कानही होता. ३०० बॉडच्या जुन्या मॉडेममध्ये हाक मारणारा ९८० आणि ११८० हर्ट्झवर बोलतो, ओ देणारा १६५० आणि १८५० वर. रिसीव्हर कानाला लावून कोण बोलतंय ते मी सांगायचो. सांगण्याआधी आजूबाजूला ऐकायला कोण आहे तेही बघून घ्यायचो.

वरठीत राहणाऱ्याला पत्ता दोनदा सांगायची सवय असते. स्टेशनच्या पाटीवर भंडारा रोड, गाव वरठी, आणि खुद्द भंडारा तिथून दहा-बारा किलोमीटर. परगावचे ग्राहक अजून विचारतात, नेमके कुठले तुम्ही? माझा तीस मीटरचा टॉवर इथे आहे. त्याच्यावरून ज्या लिंकनं माझी तीन वर्षं खाल्ली तिचं दुसरं टोक मोहाडीच्या बाजूला, सात किलोमीटरवरच्या एका राइस मिलच्या छपरावर होतं. पाइप धरून जमिनीपासून १२ मीटर. ५.८ गिगाहर्ट्झ. मधे आडवं काही नाही, नुसत्या धानाच्या बांध्या. उन्हाळ्यात लिंक अशी की पाहुण्यांना बोलावून दाखवावी. आषाढात रोवणी लागली की पहाटे चारला ती बसायची. पूर्ण मरायची नाही. २५६ वरून १६ वर, तिथून क्यूपीएसकेवर यायची आणि चार ठिपक्यांना धरून रांगत राहायची. नऊच्या सुमारास ऊन तापलं की उठून उभी, जणू काही झालंच नव्हतं. कार्तिकात धान कापणीला येईपर्यंत तक्रार आपोआप मिटलेली असायची आणि मी ती मिटवल्याचं श्रेय घेतलेलं असायचं.

पहिल्या वर्षी पाऊस म्हणालो. ५.८ ला सात किलोमीटरात पाऊस फारसं काही खात नाही हे मला ठाऊक होतं, तरी म्हणालो. शिवाय लिंक बसायची ती नेमकी उघडीप असलेल्या, वारा पडलेल्या पहाटे. दुसऱ्या वर्षी चॅनल बदलत बसलो. पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, फरक नाही. रुंदी ४० मेगाहर्ट्झवरून २० वर आणली, ३ डीबी हाताला लागले, पुरले नाहीत. ओएफडीएम आहे, शंभरावर उपवाहक आहेत, दोनचार बुडाले तर बाकीचे ओझं वाहतील, असं पुस्तकात असतं. इथे सगळेच एका वेळी बुडत होते. मग पॉवर वाढवली. पॉवर वाढवणं हे आमच्यातल्या माणसांचं तंबाखूसारखं आहे. उपयोग नाही हे माहीत असतं आणि हात खिशात जातोच.

तिसऱ्या वर्षी मिलच्या छपरावर चढलो आणि पाइपाला एक मीटरचा तुकडा जोडला. डिश वर गेली की बरं होतं, हे आमचं वेदवाक्य. दुसऱ्या दिवशी पहाटे लिंक ठणठणीत. मिलवर तर्री-पोहे झाले, मी अँटेनाच्या उंचीवर छोटंसं भाषण दिलं. बारा वाजता फोन आला, ‘काका, आता दिवसाच बंद पडून राहिलं.’ रोग गेला नव्हता, त्यानं वेळ बदलून घेतली होती.

याच सुमारास ती शिकायला आली होती. तुमसरकडून पॅसेंजरनं यायची, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, टॉवरवर चढताना माझ्यापेक्षा कमी बोलणारी. तिनं मिलच्या वजनाच्या पावतीमागे दोन रेघा ओढल्या. एक लाट सरळ, दुसरी बांधीतल्या पाण्यावर आपटून. दोन्ही उंच्यांचा गुणाकार, त्याची दुप्पट, भागिले अंतर. तीस गुणिले बारा, दुप्पट ७२०, भागिले ७०००. उत्तर दहा सेंटिमीटर आणि वर तीन मिलिमीटर. आमची तरंगलांबी जेमतेम ५.२ सेंटिमीटर. म्हणजे पाण्याकडून येणारी लाट दोन पूर्ण लांब्या उशिरा पोचते. पूर्ण लांब्या म्हटलं की दोघी हातात हात घालून यायला हव्यात. पण इतक्या लवत्या कोनात पाण्यावर आपटली की लाट उलटी होते, मग हातात हात कसला, हातघाई. कोरड्या शेतावरूनही लाट उसळते, पण अर्धीमुर्धी; रोवणीच्या पाण्यावरून जवळजवळ सगळी.

हे गणित मला येत नव्हतं असं नाही. मी ते कधीच केलं नव्हतं. डोळा असलेल्या माणसानं पावतीमागे गणित का करावं?

पहाटेचं कोडंही तिनंच सोडवलं. दिवसा हवा ढवळलेली असते. पृथ्वीची गोलाई दोन्ही उंच्या थोड्या खाऊन टाकते, हिशेब दोन लांब्यांच्या जरा अलीकडे राहतो आणि लिंक निभावून नेते. पहाटे पाण्यानं भरलेल्या बांध्यांवर थंड, दमट थर बसतो, लाट जमिनीच्या अंगानं वाकते, गोलाई जणू सपाट होते आणि हिशेब नेमका दोनवर येऊन बसतो. माझ्या एका मीटरनं तो दोनचा आकडा पहाटेवरून उचलून भर दुपारी नेऊन ठेवला होता.

‘मग आता?’

‘डिश खाली घेऊ काका. नऊ मीटरवर.’

तीस वर्षांत मला कुणी डिश खाली घ्यायला सांगितलं नव्हतं. नऊ मीटरवर फरक दीड लांबीचा होतो, उलटी झालेली लाट पुन्हा सुलटी होऊन मदतीला येते, मला वाक्य संपायच्या आत कळलं होतं. तरी मी बारा दिवस टाळलं. आधी म्हणालो सणावारात छपरावर नको, मग म्हणालो नट गंजलेत. शेवटी तिच्याच हातानं डिश उतरवायला लावली, म्हणजे फसलं तर तिचं. हे लिहायला बरं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे चारपासून मी पडद्यासमोर बसून होतो, आणि खरं सांगायचं तर लिंक बसावी म्हणून बसून होतो. ती बसली नाही. सहा वाजले, सात वाजले, बांध्यांवर धुकं चढलं आणि उतरलं, २५६ चे २५६ जागच्या जागी.

इथे थोडं भांडण करून घेतो. आमच्या भागात एक नवा लिंकवाला फिरतो आहे. तो मॉड्युलेशन सर्वांत वरच्या पायरीला खिळे ठोकून बसवतो आणि ग्राहकाला दराचा मोठा आकडा दाखवतो. वारा पडला की पाकिटं गळतात, दोष ग्राहकाच्या राउटरला. ६४ वरून २५६ ला जाताना एका चिन्हात सहाऐवजी आठ बिट मावतात, म्हणजे तिसरा हिस्सा जास्त. त्यासाठी सिग्नल हवा चौपट. दर एका जादा बिटाला साधारण ३ डीबी, हा बाजारभाव शॅननच्या १९४८ सालच्या लेखापासून कुणालाही पाडून मिळालेला नाही. क्यूपीएसकेला ही मंडळी गरिबाचं मॉड्युलेशन म्हणतात. वरठीतल्या निम्म्या छपरांवरच्या डीटीएच छत्र्या क्यूपीएसके नाहीतर ८-पीएसकेवर चालतात, त्याचं कारण गरिबी नाही. उपग्रहातला अँप्लिफायर दमेपर्यंत राबवायचा असतो, म्हणून ठिपके एकाच वर्तुळावर ठेवतात, सगळे केंद्रापासून सारख्या अंतरावर. चौकोनात कोपऱ्यातला ठिपका सर्वांत लांब, त्याला सर्वांत जास्त ताकद लागते, अँप्लिफायर दमला की पहिला तोच मार खातो. हे मी शिकाऊ पोरांना नेहमी सांगतो. पुढे याचा संबंध येणार आहे.

फायबरवाल्यांबद्दल मी बोलत नाही, त्यांची आणि जेसीबीची सोयरीक त्यांनीच निस्तरावी. एवढंच म्हणतो की ते कितीतरी वर्षं नुसता दिवा लावत आणि विझवत होते. तारबाबूही तेच करायचे, कट्ट आणि कड. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली तेव्हा पेपरांनी एक युग संपल्याचं लिहिलं; तीच चालू-बंदची भाषा तेव्हा काचेच्या तारेतून कितीतरी पटीनं पळत होती. लांब पल्ल्याच्या फायबरवर आता आमचेच चौकोनी ठिपके, क्यूएएम, आले आहेत. मला याचा आनंद होतो, आणि तो शुद्ध नाही.

तर डिश नऊ मीटरवर आली. माझ्याकडे म्हणायला एकच गोष्ट उरली होती.

‘चालतेय, पण ठिपके घाण आहेत.’

‘ठिपके तर साफ दिसून राहिले काका. ईव्हीएम उणे ३४ आहे.’

मी म्हणालो, ईव्हीएम म्हणजे ठिपके जागेपासून किती ढळले त्याची सरासरी, सरासरीत घाण लपते, डोळ्याला फसवता येत नाही. डिश तिनं तिरपी बसवली असणार, कनेक्टरमध्ये पाणी गेलं असणार. आठवडाभर मी हे लावून धरलं. तिला दोनदा छपरावर पाठवलं. दुसऱ्यांदा ती उतरली तेव्हा तिच्या तळव्यांना पत्र्याचा गंज लागला होता. हात पुसत ती म्हणाली, ‘काका, त्या भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये आज तिथी कोणती आहे?’ मी उठायला लागलो. ‘बसूनच सांगा.’ तारीख मला वाचता आली. तिच्याखालची बारीक तिथी म्हणजे ओल्या वहीवरची शाई.

तिनं पुढे काही म्हटलं नाही. नेत्रतज्ज्ञाची वेळ बायकोनं घेतली.

आता त्या दिवसाकडे परत येतो. मिलची लिंक पाहून झाली. मग मी माझी लिंक उघडली. ही तीन किलोमीटरची, आठ वर्षांपूर्वी मी एकट्यानं उभारलेली, आतापर्यंत एकदाही तक्रार न आलेली. ती शिकायला आली त्या पहिल्या दिवशी मी तिला हीच दाखवली होती. बघून घे, म्हणालो होतो, लिंक अशी लावायची असते. तिनं सगळी पानं पाहिली आणि विचारलं होतं, ‘काका, एवढ्याशा अंतराला पॉवर इतकी का ठेवली?’ मी हसलो होतो. ‘शिकशील हळूहळू.’

उजव्या डोळ्यानं पाहिलं. मधले ठिपके टोचल्यासारखे. चौकोनाचे चारही कोपरे मात्र आत ओढले गेलेले, जुन्या पाटाचे कोपरे झिजून गोल होतात तसे. अँप्लिफायर दमलेला. किती वर्षं दमलेला असेल याचा अंदाज करायला नवा भिंगाचा डोळा लागत नाही. पॉवर शेवटपर्यंत चढवली त्या दिवसापासून. कोपऱ्यातले ठिपके मार खात होते, दुरुस्तीचा कोड त्यांना सावरून घेत होता, आणि मी पाहुणे बोलावत होतो. मोतीबिंदूवर हेही ढकलता आलं असतं, पण पहिली सहा वर्षं माझे दोन्ही डोळे चांगले होते. मी ती लिंक उघडायचो आणि तिच्याकडे बघायचोच नाही. मिशीवरून हात फिरवताना माणूस आरशात मिशी थोडीच बघतो.

जेवण झालं, बायको झोपली. मी थेंब घातले, दहा मिनिटं डोळे मिटून बसलो आणि मग पॉवर ४ डीबीनं खाली आणली. कोपरे हळूच बाहेर सरकून जागेवर आले. दर वाढला. थोडासाच, पण वाढला.

प्रत्येक बदल यंत्र लॉगमध्ये टिपून ठेवतं, वेळेसकट: रात्री ११ वाजून ४० मिनिटं. ती ओळ पुसता येते. मी त्या पानावर बराच वेळ होतो.

सकाळी ती आली, पिशवी खुंटीला अडकवली, रोजच्यासारखा सगळ्या लिंकांचा लॉग वरून खाली वाचत गेली. एका ठिकाणी तिचं बोट थांबलं. मग तिनं विचारलं, ‘डोळा कसा आहे काका?’

‘बरा आहे.’

‘दुसरा कधी करायचा आहे?’

दिवाळीनंतर, मी म्हणालो.

ती पुढची लिंक वाचायला लागली.