चतकोर, नितकोर

फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना होता. मी पेन हातात धरून जरा वेळ थांबलो आणि 'शेती' असं लिहिलं. खोटं नव्हतं. गंगापूरच्या शिवारात आमची दीड एकर आहे, तीत कपाशी असते. पण त्याच गावात वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सुरू केलेला फोटो स्टुडिओ आहे आणि वीस वर्षं तो मी चालवतोय, हे मी लिहिलं नाही. ज्याने पाच-सहाशे लग्नं काढली तो माणूस नवशिक्यांच्या चार रविवारच्या कॅमेरा वर्गात कशाला आलाय, असं कोणी विचारलं असतं तर काय सांगणार होतो?

खरं कारण मे महिन्यातलं एक लग्न. नवरीकडच्यांनी शहरातून एक 'कॅन्डिड'वाला आणला होता. पोरगा पंचविशीचा, दाढीवाला. मला सांगण्यात आलं, "तुम्ही स्टेजवरचे घ्या." म्हणजे आहेर देणारे. दिवसभर मी आहेर देणारे घेतले. तो पोरगा मांडवाच्या कडेला, आचाऱ्याच्या चुलीपाशी, कुठंही बसून फ्लॅशशिवाय फोटो काढत होता. पुढं त्याचे फोटो नवरीच्या भावाच्या मोबाइलवर पाहिले. माझ्या फोटोत जी माणसं भिंतीला चिकटवलेल्या कागदासारखी दिसत होती, तीच तिथं श्वास घेत होती. कॅमेरा माझ्यापेक्षा फार भारी नव्हता, हे मी हळूच बघून ठेवलं होतं.

माझा निकॉन डी ९० मी २००९ मध्ये घेतला. घेतल्या दिवसापासून त्याची चकती 'पी'वर, आयएसओ ४०० वर आणि डोक्यावर फ्लॅश. बाकीची बटणं होती तशीच. माहितीपुस्तक पिशवीतून कधी बाहेर आलंच नाही.

वर्ग उस्मानपुऱ्यात, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. शहराचं नाव तेव्हा अजून औरंगाबाद होतं. पहिला रविवार ४ सप्टेंबर २०१६, नेमकी हरतालिका. बायकोचा निर्जळी उपास आणि मी निघालो शिकायला. "अहो, या वयात?" एवढंच म्हणाली आणि येताना केवडा मिळाला तर बघायला सांगितलं. भाद्रपदात लग्नं नसतात, हाताला काम नसतं, म्हणून हाच महिना धरला होता. अण्णांना सांगितलं की लॅबमध्ये काम आहे. एकाच दिवशी दोन ठिकाणी लपवालपवी झाली.

आम्ही अकरा जण होतो. एक दातांच्या डॉक्टर बाई, वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका, बापाने नवा कोरा कॅमेरा घेऊन दिलेली इंजिनिअरिंगची तीन पोरं, अशी सगळी मंडळी. शिकवणारे सर साठीचे, आयुष्यभर वर्तमानपत्रासाठी फोटो काढलेले. त्यांनी सुरुवातच फळ्यावर एक भाकरी काढून केली.

"अर्धी, चतकोर, नितकोर," त्यांनी भाकरीचे तुकडे पाडले. "चतकोर मोठा की नितकोर?"

"चतकोर," सगळे म्हणाले.

"एफ ४ म्हणजे चतकोर. एफ ८ म्हणजे नितकोर. आकडा मोठा, घास लहान."

मी वहीत काही लिहिलं नाही, नुसता बसून राहिलो. एफच्या खाली येणारा आकडा हा भागाकारातला छेद आहे. भिंगाच्या नाभीय अंतराला त्या आकड्याने भागलं की आतल्या छिद्राचा व्यास मिळतो. म्हणून ८ पेक्षा ४ मधून जास्त उजेड आत येतो. वीस वर्षं मी हे आकडे बघत होतो आणि ते गाडीच्या गिअरसारखे चढते असतात असं धरून चाललो होतो. चौथीतल्या पोराला अपूर्णांक समजावा तसा मला माझाच धंदा समजत होता.

मग त्यांनी भिंग काढून आतला आरसा दाखवला. धूळ फुंकायला मी कॅमेरा शेकडो वेळा उघडला असेल. भिंगातून आलेला उजेड हा आरसा वर फेकतो, तिथून तो डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबलं की आरसा उचलला जातो, मागचे पडदे सरकतात आणि उजेड सेन्सरवर पडतो. तेवढा वेळ आपल्याला दिसायचं बंद होतं. म्हणजे जो क्षण आपण टिपला, नेमका तोच आपण पाहिलेला नसतो. पोरांना ह्याचं फार काही वाटलं नाही. मला मात्र अंतरपाट आठवला. तो मध्ये आहे तोवर उजेड आणि सेन्सरची गाठ नाही. वर उचलला की पडली गाठ, आणि त्या गडबडीत फोटोग्राफरच आंधळा.

दुसऱ्या रविवारी गणपती बसलेले होते. गुलमंडीच्या गर्दीत सरांनी फिरवलं, शटरची गती कमी-जास्त करून ढोलवाल्यांचे हात काढायला लावले. माझे सगळे फोटो हलले. दुपारनंतर संगणकावर रॉ फाइल कशी धुवायची ते शिकवलं. ती दुपार माझ्या डोक्यावरून गेली आणि आजतागायत परत आली नाही.

तिसरा रविवार वेरूळचा. पाऊस होऊन गेला होता, काळा पाषाण ओला होता. परवानगीशिवाय तिवई नेता येत नाही, म्हणून नुसत्या हातांनी काढायचं. कैलासाच्या अंगणात भर दुपारी शिकवायला सरांनी मुद्दाम नेलं, कारण तिथं ऊन आणि सावलीचं भांडण एका फोटोत मिटतच नाही. शिखर धरलं तर हत्ती काळाठिक्कर, हत्ती धरला तर शिखर पांढरंफटक. "कोणाला सोडायचं ते तुम्ही ठरवा, कॅमेऱ्याला विचारू नका," सर म्हणाले.

चहाच्या टपरीवर त्यांनी मेजर रॉबर्ट गिलची गोष्ट सांगितली. हा इंग्रज अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याला राहून तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला काढत होता. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण मधल्या काळात तो कॅमेऱ्याकडे वळला होता. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह ह्या लेण्यांवर जे पुस्तक निघालं त्यात गिलने काढलेले ७४ फोटो आहेत. त्या काळी काचेवर ओलं रसायन फासायचं, ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात धुवायचा. म्हणजे डार्करूम पाठीवर घेऊन डोंगर चढायचा. वर्गाची कल्पनाही काही नवी नाही, असं सर म्हणाले. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ मध्येच फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला होता आणि तिथं शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढं मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. मला उगाच धीर आला. स्टुडिओवाल्याने वर्गात बसणं ही आपल्याकडं दीडशे वर्षांची रीत निघाली.

दहाव्या लेण्यात, विश्वकर्म्याच्या चैत्यात, आत शिरलो तर डोळ्यांना काही दिसेना. छताला दगडातच कोरलेल्या लाकडासारख्या फासळ्या, समोर स्तूप आणि त्याला टेकून बसलेले बुद्ध. सवयीने माझा अंगठा फ्लॅशच्या बटणावर गेला. सरांनी मागून नुसतं "अंहं" केलं. डॉक्टर बाईंनी त्यांचं ५० मिलिमीटरचं, एफ १.८ वालं भिंग मला लावायला दिलं. आयएसओ १६००, शटर एक छेद पंधरा. खांबाला पाठ टेकवली, अर्धा श्वास सोडला, दाबलं. आठ फोटो हलले. नवव्यात वरच्या झरोक्यातून आलेला उजेड बुद्धांच्या गुडघ्यावर थांबलेला होता. मी तो पडद्यावर मोठा करून बराच वेळ पाहत राहिलो. निवृत्त काका म्हणाले, "शेतीवाल्याला जमलं की!"

चौथा रविवार कायगाव टोक्याला, म्हणजे माझ्याच अंगणात. गोदावरी आणि प्रवरेचा हा संगम. रामाने मारलेल्या मायावी हरणाची काया पडली ते कायगाव, असं आमच्याकडं सांगतात. पलीकडं टोक्याला सिद्धेश्वराचं पेशवेकालीन देऊळ. दुष्काळाची वर्षं सरून त्या साली नदीला पाणी आलं होतं; पुलावरून जाणारी माणसं गाड्या थांबवून नुसतं पाणी बघत होती. मी रुमाल नाकापर्यंत बांधून उतरलो, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून.

पितृपक्ष चालू होता. घाटावर पिंडदानं चालली होती, कोणाचा दशक्रिया विधीही होता. इंजिनिअरिंगच्या पोरांनी लांब भिंगं बाहेर काढली तसं सरांनी दोन शब्दांत सांगितलं, "कॅमेरे खाली." मला ते पटलं. आणि थोडं लागलंही, कारण दहाव्या-तेराव्याचे फोटो काढून द्या म्हणणारे लोक येतात आणि मी काढून देतो.

देवळाच्या ओवरीत एक म्हातारबाबा बसले होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. विचारलं तर "काढ की" म्हणाले. फोटो काढला, टोपी मळकी करडी आली. सरांना ह्याचीच वाट होती. कॅमेऱ्यातल्या मीटरला पांढरं-काळं कळत नाही; समोर जे असेल ते मध्यम करडंच आहे असं समजून तो उजेड ठरवतो. म्हणून पांढऱ्या धोतराला एक घर उजेड वाढवायचा, आणि म्हैस काढायची असेल तर एक घर कमी करायचा. नाही तर धोतर आणि म्हैस एकाच रंगाची येणार. आमच्या भागात धोतर-टोपी आणि म्हैस ह्यांच्यावाचून फोटो निघतो कुठं? तरी हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. दिंडीचे, सप्त्याचे माझे सगळे जुने फोटो डोळ्यांपुढून गेले. सगळे वारकरी मळक्या टोप्यांचे.

एक घर वाढवून मी पुन्हा उभा राहिलो. आणि तिथंच घात झाला.

"बाबा, मान थोडी खाली... इकडं... हां, हनुवटी जराशी आत. डोळे मिटू नका. हलू नका, एक, दोन..."

मागून सरांचं हसू ऐकू आलं. "किती वर्षं झाली स्टुडिओला?"

"वीस," मी म्हणालो.

"मग फॉर्मवर शेती?"

"दीड एकर आहे ना, सर."

सगळे हसले. म्हातारबाबा पण हसले, आणि माझा हनुवटी आत घेतलेला फोटो गेला. हसताना काढलेला डॉक्टर बाईंचा चांगला आला.

चार रविवारांत काय येतं, ह्याचा हिशेब मी नंतर बराच केला. बटणं समजली. पोरांपैकी एकाने वर्षाच्या आत कॅमेरा विकला असं कळलं. आता तर बिनआरशाचे कॅमेरे आलेत, धंद्यातले बरेच जण तिकडं गेले. वर्गाने मला कॅन्डिडवाला केलं नाही. पण वर्गानंतर अण्णांच्या काही गोष्टी मला उलगडल्या. त्यांच्याकडं यशिका होता, दोन डोळ्यांचा. मीटर नव्हता. फिल्मच्या खोक्यात ऊन, ढग, सावली अशी चित्रं आणि त्यांच्यापुढं आकडे छापलेले असायचे, ते त्यांचं शिक्षण. दारातून येणाऱ्या उजेडात गिऱ्हाइकाला बसवून ते बाहेर रस्त्यावर पडलेली सावली बघायचे, भिंगावरचं कडं फिरवायचे. लाल दिव्याखाली मी हायपोची ताटली हलवत असायचो. सगळं डोळ्यांसमोर झालं होतं. मी पुढं फ्लॅश घेतला आणि दाराला पडदा लावला.

तुळशीचं लग्न झालं आणि सीझन सुरू झाला. डिसेंबरात लासूरकडच्या एका वस्तीवर लग्न होतं. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, आणि लाईट गेली. व्हिडिओवाल्याचा दिवा विझला, लाउडस्पीकर बंद पडला. गुरुजी विना माइकचे म्हणत राहिले. मांडवाची पश्चिमेची बाजू उघडी होती, तिथून उतरतं ऊन तिरपं आत येत होतं. माझ्या फ्लॅशला स्वतःच्या बॅटऱ्या होत्या, त्याला लाइटीशी काही देणंघेणं नव्हतं. मी तो बंद केला. मी नवीन घेतलेलं ५० चं भिंग लावलेलं होतं. एफ २, म्हणजे अर्धी भाकरी. सातेक फोटो काढले असतील, तेवढ्यात कोणी तरी जनरेटर ओढला, दिवा पेटला आणि सगळं पुन्हा पांढरं झालं.

अल्बमच्या वेळी नवरीची आई म्हणाली, "भाऊ, हे काळे आलेत. गोरं करून द्या." मी बाकीचे गोरे करून दिले. त्या सातांतला एक बारा-अठराच्या आकारात काढून घरी आणला. अंतरपाटाची कड, तिच्यावरून डोकावणारे नवरीचे डोळे, आणि एका गालावर ऊन.

अण्णा अंगणात बाजेवर बसले होते. चष्मा पुसून त्यांनी फोटो हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग उजेडाकडं वळवला. बराच वेळ गेला.

"लाईट गेली होती का?"

"हो. सात-आठ मिनिटं."

"मग जनरेटरवाल्याला काहून हाक मारली?" म्हणाले आणि फोटो माझ्या हातात परत दिला.